लाकडी खांबांची दोन घरे : मेणवली ते तिरुप्पनंदाळ

मूळ भूमी सोडून दूर वसलेल्या समाजाचा इतिहास लिहिताना राजवंशांच्या वंशावळी, लढाया, सनदा आणि दाने यांना मोठे स्थान मिळते. परंतु त्या समाजाने ज्या घरांत पिढ्यानपिढ्या संसार केले, त्या घरांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. तंजावरच्या मराठ्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद, शहाजीराजांची मराठी नाटके यांविषयी आपण अभिमानाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण कावेरीच्या काठी स्थायिक झालेला मराठी कुटुंबकबिला कोणत्या छपराखाली राहिला, पाहुण्याला कोठे बसवीत होता आणि पावसाचे पाणी घरातून कोणत्या वाटेने बाहेर सोडीत होता, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात तो विचारणे उचित वाटते, कारण तो केवळ तंजावरकरांचा प्रश्न नाही. दूर जाणारा माणूस घरातले काय बरोबर नेतो, काय मागे ठेवतो आणि नव्या भूमीकडून काय स्वीकारतो, याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने आपापल्या परीने दिलेलेच आहे. ते उत्तर तपासून पाहण्यासाठी येथे दोन घरे शेजारी शेजारी ठेवली आहेत. एक कृष्णाकाठच्या मेणवलीचा वाडा. दुसरे कुंभकोणम्‌च्या ईशान्येस असलेल्या तिरुप्पनंदाळच्या परिसरातील, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे जुने घर. दोन्ही लाकडी खांबांची, दोन्ही उघड्या चौकाभोवती बांधलेली. तथापि या दोन घरांत लाकूड एकच काम करीत नाही, आणि या भेदातच पुष्कळ इतिहास दडलेला आहे.

कृष्णाकाठचा वाडा

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवली हे गाव आहे. १७६८ मध्ये औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नाना फडणवीसांना दिले. नानांनी तेथे वस्ती वसविली, कृष्णेवर घाट बांधला, विष्णूचे व मेणेश्वराचे अशी दोन मंदिरे उभारली आणि स्वतःसाठी सहा चौकांचा वाडा बांधला. घाटावर टांगलेली मोठी घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली, पोर्तुगीज चर्चमधील आहे. तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृती आणि १७०७ हे वर्ष आहे. वाड्याच्या भिंतींवर मराठा शैलीची चित्रे आहेत. पेशवाईच्या अभ्यासकांना ज्ञात असलेले मेणवली दप्तरही याच वाड्यातले.

पुण्याच्या गजबजाटापासून दूर, नदीकाठी, शेतीवाडीच्या मध्ये असलेला हा वाडा म्हणजे मराठी ग्रामीण निवासाचा एक उत्तम नमुना होय. त्याची रचना समजून घ्यावयाची तर ‘खण’ हा शब्द आधी समजून घ्यावा लागतो. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. जुन्या काळी घराचे मोजमाप हातांनी होई, तसे खणांनीही होई; कोणाचे घर दोन खणांचे, कोणाची ओसरी पाच खणांची. घर वाढवायचे म्हणजे भिंत लांबवायची नव्हे, तर एक खण जोडायचा.

प्रथम घडीव दगडांचे जोते. जोत्यावर खांबाच्या जागी दगडी तळखडा, म्हणजे लाकडाचा पाय ओलीपासून व वाळवीपासून सुटा राहतो. तळखड्यावर सागवानी खांब; खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंस हात पसरल्यासारखे हस्त; हस्तांवर तुळई; तुळईवर जवळ जवळ टाकलेल्या कड्या; कड्यांवर फळ्यांची पाटणी आणि पाटणीवर मातीचा थर. माथ्यावर कौलारू छप्पर असेल तर आढे व वासे. हे सारे खाच आणि कुसू यांच्या सांध्यांनी एकमेकांत बसविलेले असते. लोखंडाचे काम अगदी थोडे. छपराचा भार वाशांवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर, खांबावरून तळखड्यावर आणि तेथून जमिनीत जातो. खांबांच्या मधली विटांची अथवा मातीची भिंत ऊन, वारा व चोर यांना अडविते. घर तोलून धरण्याचे मुख्य काम तिचे नव्हे.

म्हणूनच अशा घरात भिंत ढासळली तरी घर उभे राहू शकते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून फार मोठी प्राणहानी झाली. पण ज्या घरांत खणांचा लाकडी सांगाडा धड होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती पडूनही छप्पर खांबांवर राहिले, असे अभ्यासकांना आढळले. उलट, लाकडाचा शत्रू अग्नी. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीनंतर तेथे तट, दरवाजे आणि जोती एवढेच उरले. १८७९ मध्ये बुधवार वाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग गेला. दगड राहिला, घर गेले. कारण घर लाकडाचे होते.

जो काळ आपण विसरतो

आता एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी मिळविली ती १६७५-७६ च्या सुमारास. शिवाजी महाराज व व्यंकोजीराजे यांची भेट १६७७ मध्ये कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीस झाली. शनिवारवाड्याचा पाया त्यानंतर अर्ध्या शतकाने पडला, आणि मेणवलीचा वाडा तर जवळजवळ शंभर वर्षांनी उभा राहिला. खणांची घरे, गढ्या व वाडे महाराष्ट्रात त्यापूर्वीही होते. परंतु सुरूच्या आकाराचे नक्षीदार खांब, महिरपी, एकापुढे एक चौक, रंगविलेले दिवाणखाने असे जे रूप आज ‘वाडा’ म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर येते, ते मुख्यतः अठराव्या शतकात, पेशवाईत घडले.

याचा अर्थ असा की तंजावरकर मराठ्यांनी हा वाडा मागे टाकला असे म्हणताच येत नाही. ते निघाले तेव्हा तो व्हावयाचा होता. मेणवलीत सुतार तुळया चढवीत होते, तेव्हा तंजावरास तुळजाजीराजांचे (१७६३ ते १७८७) राज्य चालू होते आणि तेथील मराठी कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या कावेरीच्या पाण्यावर वाढल्या होत्या. आपण ज्याला मूळचे घर म्हणतो, तेही आपल्या पाठीमागे बदलत, घडत असते; दूर गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी ते थांबून राहत नाही. परमुलखात राहणाऱ्याने हे सत्य ध्यानात ठेवावे असे आहे.

ताडांच्या गावी

तिरुप्पनंदाळ हे गाव तंजावर जिल्ह्याच्या तिरुविडैमरुदूर तालुक्यात, कोळ्ळिडमच्या दक्षिणेस आहे. तमिळमध्ये ताडाला ‘पनै’ म्हणतात. गावाच्या नावात तोच वृक्ष आहे आणि तेथील प्राचीन शिवमंदिराचा स्थलवृक्षही ताडच. तमिळ शैवांना हे गाव आणखी एका कारणाने पूज्य आहे. सतराव्या शतकातील संतकवी कुमरगुरुपरर यांनी काशीस जाऊन मठ स्थापन केला. त्या परंपरेचे मुख्य पीठ १७२० मध्ये तिरुप्पनंदाळास आले, आणि म्हणून ते काशीमठ या नावाने ओळखले जाते. त्या वेळी तंजावरच्या गादीवर पहिले सरफोजीराजे होते. म्हणजे ज्या शतकांत मराठी माणूस कावेरीकाठी घर करीत होता, त्याच शतकांत तमिळ माणूस गंगेकाठी घर करीत होता. स्थलांतर हा कोणा एका समाजाचा विशेष नव्हे, याची ही एक बोलकी खूण.

आसपासचा सारा प्रदेश मराठी इतिहासाने भारलेला आहे. शहाजीराजांनी १६९३ मध्ये कुंभकोणम्‌जवळील तिरुविसनल्लूर हे गाव ४६ विद्वानांना दिले. त्याला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. १७९८ मध्ये गादीवरून दूर झालेले अमरसिंहराजे तिरुविडैमरुदूरला येऊन राहिले. इंदूर, बडोदे व त्रावणकोर येथे दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणम्‌चा. इंदूरचे दिवाण आर. रघुनाथराव यांचाही जन्म १८३१ मध्ये तेथलाच. मराठ्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले, पण घरे राहिली आणि घरांतली मराठीही राहिली.

मुट्रमभोवतीचे घर

या प्रदेशातले जुने अग्रहारातील घर मेणवलीच्या वाड्याहून प्रथमदर्शनीच वेगळे दिसते. वाड्याला उंच भिंत, भक्कम दरवाजा, त्यात दिंडी आणि आत देवडी. तो धामधुमीच्या काळाचा, संशयी पहारेकऱ्यासारखा वाटतो. कावेरीकाठची अग्रहाराची गावे ही दान दिलेली, देवळाच्या व कालव्याच्या आधाराने वसलेली. तेथे घरे एकमेकांना चिकटून एका ओळीत उभी, शेजाऱ्याशी भिंत सामाईक, दर्शनी भाग अरुंद आणि खोली मात्र पुष्कळ. दार उघडे असेल तर रस्त्यावरून थेट परसापर्यंत नजर जाते.

रस्त्याला लागूनच उंच ओटा, तो ‘तिण्णै’. त्यावर लाकडी खांबांची रांग आणि उतरते छप्पर. वाटसरूने बसावे, रात्री अंग टाकावे, मुलांनी पंतोजींपुढे धुळाक्षरे गिरवावीत. तमिळ मुलखातल्या जुन्या गावठी शाळांना तिण्णै-शाळा हे नावच पडले आहे. आपल्याकडील ओटीचा आणि पंतोजींच्या शाळेचा संबंध ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे परके वाटू नये. तिण्णैमागे दार, मग अरुंद बोळ, त्याला ‘रेळि’ म्हणतात. पुढे घराचे हृदय म्हणजे ‘मुट्रम’, जमिनीच्या पातळीहून खाली घेतलेला उघडा चौक. त्याच्या चारी बाजूंस खांबांवर तोललेली उतरती पडवी, ती ‘ताळ्वारम’. एका बाजूस मोठे माजघर, ते ‘कूडम’. त्याच्या तुळईला टांगलेला झोपाळा, तो ‘ऊंजल’. भात साठविण्यासाठी लाकडी कोठार ‘पत्तायम’, जसे आपल्याकडे बळद किंवा कणगी. मागे स्वयंपाकघर, मग विहीर, गोठा आणि परसू, म्हणजे ‘कोल्लै’.

येथे लाकडाचे काम निराळे आहे. शेजाऱ्याशी सामाईक असलेली विटांची लांब भिंत भार वाहते; लाकडी खांब येतात ते तिण्णैवर आणि मुट्रमच्या भोवती, जेथे हवा व उजेड हवा म्हणून भिंत नको असते. वाड्याचा सांगाडा सबंध लाकडाचा आणि भिंत त्यात भरलेली. येथे भिंतीचे घर, आणि त्याच्या मोकळ्या कडा तेवढ्या लाकडाने सावरलेल्या. कारण उघड आहे. सह्याद्रीच्या उतारावर सागाचे रान होते. शनिवारवाड्याचे सागवान जुन्नरच्या रानातून आले. कावेरीच्या गाळाच्या सपाट प्रदेशात असे रान नाही. तेथे विपुल आहे ती विटांना योग्य चिकणमाती, आणि बांधाबांधावर ताड. जून ताडाच्या खोडाचे बाहेरचे लाकूड काळपट व अत्यंत कठीण, आतला गाभा मऊ. खोड उभे चिरून, गाभा काढून टाकून, त्याचे वासे करतात. सागवान विकत आणावयाचे, म्हणून ते खांबांना आणि दर्शनी दाराला राखून ठेवावयाचे. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशी सागवान सुलभ झाले तेव्हा चेट्टिनाडसारख्या भागांतील श्रीमंत घरांत ते सढळ हाताने वापरले गेले.

मजल्याच्या पाटणीतही हाच फरक दिसतो. वाड्यात कड्यांवर फळ्या आणि वर माती. तमिळ मुलखात ज्याला ‘मद्रास गच्ची’ म्हणतात तिच्यात लाकडी कड्यांवर फळ्या नाहीत. पातळ विटा उभ्या धरून तिरप्या ओळींत चुन्यात बसवितात, त्यावर विटांच्या तुकड्यांचा व चुन्याचा थर देऊन तो दिवसेंदिवस बडवितात. चुना मुरावा म्हणून त्यात हिरडा व गूळ यांचे पाणी घालण्याची रीत होती. म्हणजे जेथे मराठी सुताराने फळी घातली, तेथे तमिळ गवंड्याने वीट घातली.

तरीही साम्ये कमी नाहीत. दोन्हीकडे खांबाखाली दगड, कारण वाळवी दोन्हीकडे आहे. दोन्हीकडे पूर्वी अर्धगोल नळीची कौले. आणि १८६५ मध्ये मंगळूरला बाझल मिशनचा कारखाना निघाल्यानंतर दोन्हीकडे मंगळुरी कौले चढली. दोन्हीकडे पावसाचे पाणी चौकात घेऊन मोरीवाटे बाहेर काढण्याची योजना. फक्त वाईला तो पाऊस आषाढ-श्रावणात पडतो, तिरुप्पनंदाळला मुख्यतः आश्विन-कार्तिकात.

काय आले, काय स्वीकारले

तंजावरच्या मराठ्यांनी मराठी सुतारकामाचा सांगाडा दक्षिणेत नेऊन उभा केला नाही. खुद्द राजेही नायकांनी बांधलेल्या विटा-चुन्याच्या, कमानींच्या व घुमटांच्या प्रासादात राहिले आणि त्याच शैलीत भर घालीत गेले. हे न्यून नव्हे, शहाणपण होय. ज्या भूमीत सागाचे रान नाही तेथे लाकडाचा वाडा उभारणे म्हणजे दरवर्षी परक्या बाजारावर अवलंबून राहणे. गावचा गवंडी जे जाणतो तेच घर टिकते, कारण दुरुस्तीला तोच येणार असतो.

पण घराची रीत मात्र त्यांना नव्याने शिकावी लागली नाही. बाहेरच्याला ओट्यावर, जवळच्याला माजघरात, उजेड वरून, चौकातून, पाणी मागे, झोपाळा तुळईला, सोवळ्याचा स्वयंपाक आत, एकांतात. मुट्रमच्या घरात मराठी कुटुंबाचा दिनक्रम जसाच्या तसा बसला, कारण दोन्ही घरांचे मध्य एकच होते, आकाशाला उघडा असलेला चौक. जेथे सर्व दारे एका चौकात उघडतात, तेथे आजीचे बोलणे नातवंडाच्या कानावर न मागता पडते. तंजावरच्या मराठी बोलीत तमिळ, तेलुगू व कन्नड शब्द मिसळले, आणि महाराष्ट्रात जुने झालेले कित्येक प्रयोगही तिने जपले. पण ती घरात बोलली गेली आणि म्हणून जगली. दरबार १८५५ मध्ये गेला. त्यानंतर शाळेची भाषा मराठी नव्हती, बाजाराची नव्हती, देवळाचीही नव्हती. भाषेचा सारा भार त्यानंतर घराने वाहिला. सरस्वती महालातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ राजाच्या मुदपाकखान्याचा असला, तरी मराठी शब्द रोज खरोखर शिजत राहिले ते या सामान्य घरांच्या चुलीवर.

आजचा प्रश्न

आज दोन्हीकडची ही घरे एकाच वेगाने नाहीशी होत आहेत. वाटण्या होतात, मुले शहरांत व परदेशांत जातात, घराला कुलूप लागते. कौल सरकले की कडीचे भिंतीत पुरलेले टोक भिजते, कुजते, आणि एका पावसाळ्यात गच्ची खाली येते. मग पाडकाम करणाऱ्याला घर विकले जाते. नक्षीचा खांब उपाहारगृहाच्या सजावटीत जातो, दार कोणाच्या दिवाणखान्यात, आणि तुळई चिरून फर्निचर होते. लाकडी घराचा गुण असा की ते सांध्यांतून सुटे करून पुन्हा उभारता येते. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र या १९९६ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात दक्षिणेतील कित्येक जुनी घरे अशीच मूळ जागेवरून उचलून पुन्हा बांधली आहेत. पण तोच गुण त्यांच्या नाशाचे कारणही ठरतो, कारण जे सुटे करता येते ते सुटे विकताही येते.

सर्वच घरे वाचविता येणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना तेथे राहावयाचे नाही त्यांनी इतरांवर ती राखण्याचा भार टाकणे न्याय्यही नाही. परंतु घर पडण्यापूर्वी त्याची नोंद करणे प्रत्येकाच्या हातात आहे. ज्यांचे वडिलोपार्जित घर वाईकडे, पुण्याकडे, कोकणात किंवा कुंभकोणम्‌कडे अद्याप उभे आहे, त्यांनी पुढच्या फेरीत एक दिवस त्यासाठी द्यावा. खण मोजावेत, चौकाचा आराखडा काढावा, खांबांची व तळखड्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मुख्य म्हणजे वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक जागेचे नाव घरात ज्या शब्दाने घेतले जाई त्या शब्दानेच लिहून ठेवावे. माजघर, बळद, देवडी, तक्तपोशी; तिण्णै, रेळि, कूडम, पत्तायम. वस्तू गेली की शब्द पाठोपाठ जातो, आणि कोशात सापडलेला शब्द घरातल्या शब्दासारखा कधीच वाजत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची मुले चौक नसलेल्या घरांत वाढत आहेत. वाडा बांधणे आपल्याला शक्य नाही आणि आवश्यकही नाही. तंजावरकरांनीही तो बांधला नव्हता. त्यांनी मिळाली त्या मातीच्या भिंती स्वीकारल्या, आणि घरात सर्वांनी एकत्र येण्याची व आपल्या बोलीत बोलण्याची एक जागा मात्र राखली. मराठी सुतार ज्याला खांब म्हणतो, त्याचे काम त्यांच्या घरात त्या जागेने केले. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी आपले मंडळ स्थापन केले, त्यांनीही अशीच एक जागा राखून ठेवली. तिच्या भिंती, छप्पर आणि शेजार काळाप्रमाणे बदलतील. तेथे रोजच्या व्यवहाराची मराठी बोलली जात आहे तोवर पुढच्या पिढीला आणखी एक खण जोडता येईल.